लाखभर लोकांना एकदम मेल मारायचा, का आपल्याच गिऱ्हाइकांना निवडून?

निपाणी_पायताण

नमस्कार मंडळी, जरा धंद्याचा प्रश्न आहे, यातलं कोण करत असेल तर सांगा की. आमचं निपाणीत कोल्हापुरी पायताणांचं दुकान, वडलांपासूनचं, थोडा माल घरच्या हातचा आणि बाकी अथणी, मदभावीच्या कारागिरांकडनं येतो. मधल्या काळात वेबसाइट काढली, तिथं ऑर्डरी पुणे, मुंबई, बेंगळुरूच्या जास्त, गोव्याच्या बऱ्यापैकी, आणि मधूनअधून अमेरिकेतनं आपलीच माणसं मागवतात. २०२५ च्या जूनमध्ये ते प्राडा ह्या इटलीच्या फॅशन कंपनीचं मिलानच्या शोचं प्रकरण झालं, कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या खरं कोल्हापुरीचं नाव घेतलं नाही, तवा एकदम लोक वाढले, त्यातल्या बऱ्याच जणांनी घेतलं काहीच नाही खरं ईमेल तेवढा टाकून गेले. असं सगळं मिळून दोन हजाराच्या आसपास आयडी जमलेत.

आता थोरला भाऊ म्हणतोय एका एजंटाकडनं एक लाखाचा 'डेटा' विकत घ्यायचा, पुण्या-मुंबईचा, नोकरदार लोकांचा, आणि गणपतीच्या आधी सगळ्यांना एकदम मेल मारायचा. शंभरातल्या एकानं जरी घेतलं तरी हजार जोड गेले असा त्याचा हिशोब. मला वाटतंय आपल्या दोन हजारांनाच बघून बघून पाठवावं, कोण काय घेतलंय, कधी घेतलंय त्याप्रमाणं. तर भाऊ म्हणतोय दोन हजारात काय निवडत बसतोस, गहू निवडायलाय काय.

मास बरं का टार्गेटेड बरं? आणि टार्गेटेड म्हणजे नेमकं करायचं काय, यूट्यूबवर सगळे 'सेगमेंट करा, सेगमेंट करा' म्हणतात आणि तिथंच थांबतात.

खानापूरकर_बेंगळुरू

डेटा विकत घेऊ नका. बाकीच्यावर वाद घालता येईल, ह्याच्यावर नाही. मी इथं बेंगळुरूत एका कंपनीत हेच काम करतो, पाठवलेले मेल पोचतात का नाही ते बघायचं, त्यामुळं जरा लांबड लावतो.

भाऊ म्हणतात शंभरातला एक घेईल, पण आधी शंभरातले पोचतील किती? असल्या डेटात बंद पडलेले पत्ते भरपूर, ते सगळे बाउन्स होऊन परत येतात. आणि काही पत्ते तर मुद्दाम ठेवलेले सापळे असतात, स्पॅमहाउससारखे ब्लॉकलिस्ट (ज्यांचे मेल अडवायचे त्यांची यादी) चालवणारे लोक असे पत्ते राखून ठेवतात, त्या पत्त्यानं कुठंच कधी नाव नोंदवलेलं नसतं, म्हणजे तिथं तुमचा मेल पडला की त्यांना कळतं ह्यानं लिस्ट कुठनं तरी उचललीय. त्यात फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू दोघांनी नियम कडक केलेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवायचे तर एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडनं आलाय हे पटवणाऱ्या सेटिंग) तिन्ही सेट पाहिजेत, जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब होता आलं पाहिजे, आणि 'रिपोर्ट स्पॅम' दाबणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्याच्या खाली पाहिजे, तेच लोक सांगतात की ०.१ च्या खाली ठेवलेलं बरं. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन. ज्यानं तुमचं नाव कधी ऐकलं नाही अशा हजार माणसांच्या इनबॉक्समध्ये सकाळी सकाळी चपलांची जाहिरात पडली तर त्यातले तिघं वैतागून बटण दाबणार नाहीत असं वाटतं का तुम्हाला?

आणि पाठवणार कशावरनं तेही भावाला विचारा. साध्या जीमेलवरनं दिवसाला ५०० ची मर्यादा, पैसे भरून गूगलचं वर्कस्पेस घेतलं तरी २,०००. म्हणजे एक लाखाला पन्नास दिवस, तोवर गणपती जाऊन दसरा यायचा. मेल पाठवायच्या ज्या पैशाच्या सेवा आहेत त्या विकतची लिस्ट चालवून घेत नाहीत, त्यांच्या अटीतच लिहिलेलं असतं, तक्रारी वाढल्या की खातं बंद.

मोठा तोटा तर पुढंच आहे. ज्या डोमेनवरनं, म्हणजे तुमच्या वेबसाइटच्या नावाच्या पत्त्यावरनं, ही जाहिरात जाणार त्याच डोमेनवरनं तुमचं ऑर्डर कन्फर्मेशन जातं, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर जातो. डोमेनची पत गेली की तेही स्पॅममध्ये. मग पुण्याचं गिऱ्हाईक फोन करून विचारणार, पैसे कापले गेले आणि मेल कुठाय, तुम्ही निपाणीत बसून म्हणणार पाठवलाय की.

चिकोडी_क्लासवाला

विकतच्या डेटाचं पटलं. खरं 'टार्गेटेड' म्हणून जे खूळ निघालंय ना तेही मला पटत नाही, भावाची बाजू घेऊन बोलतो जरा. मी क्लासेस चालवतो, पालक आणि जुनी पोरं मिळून हजार-बाराशे आयडी. महिन्याला एक मेल, सगळ्यांना तोच. दहावीचं वेळापत्रक असो, सुट्टीतली बॅच असो, सगळं एकातच. ज्याला नको तो सोडून देतो. ज्याचं पोरगं आता आठवीत आहे तो दहावीचं वाचून पुढच्या वर्षी येतो, आणि कधी कधी भावकीतल्या कुणाला तरी पुढं पाठवतो, हे तुमच्या टार्गेटिंगमध्ये कुठं बसतं? त्याला मी दहावीचा मेल पाठवलाच नसता की.

दोन हजाराचे दहा तुकडे केलासा तर दोनशे-दोनशे झाले. दोनशेत एका मेलला तीन ऑर्डरी आल्या आणि दुसऱ्याला पाच आल्या तर दुसरा मेल चांगला होता का नुसता योग, काय कळणार? मोठ्या कंपन्यांकडं लाखांनी माणसं आहेत त्यांचं ठीक, एवढ्या आकड्यावर कसली टेस्ट घेतासा. आणि दहा मेल लिहायला बसणार कोण, तुम्ही दुकान बघणार का मेल लिहिणार?

अजून एक, लोक मास मेलला उगाच नावं ठेवतात. पहिला जाहिरातीचा मेल म्हणतात तो मे १९७८ चा, डीईसी कॉम्प्युटर कंपनीच्या गॅरी थर्क नावाच्या माणसानं आर्पानेटवर (इंटरनेटच्या आधीचं जाळं) चारशेच्या आसपास लोकांना एकदम पाठवला, शिव्या खाल्ल्या, आणि त्याच्या म्हणण्याप्रमाणं माल पण खपला.

उद्यमबाग_हायड्रॉलिक

आमचं सगळं उलटं. आम्ही बेळगावात व्हॉल्व्ह बॉडी आणि सिलिंडरचे पार्ट करतो, आमचं गिऱ्हाईक म्हणजे जगात मोजून काही शे परचेसवाले, त्यांना बल्क मेल म्हणजे वेळ घालवणं. मी काय केलो सांगतो. बेंगळुरूला इम्टेक्सला (मशीन टूल्सचं प्रदर्शन) गेल्यावर जेवढी कार्डं मिळतात त्यांच्या मागं तिथंच पेननं लिहितो, ह्याला कुठल्या मटेरियलचं पाहिजे, महिन्याला किती नग, सध्या कुणाकडनं घेतो. परत आल्यावर त्याच क्रमानं मेल, त्याच्या ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सवर (मापात किती फरक चालतो त्यावर) एक ओळ तरी असतेच. 'डिअर सर, वुई आर लीडिंग मॅन्युफॅक्चरर' असला मेल आम्हालाच रोज वीस-पंचवीस येतात, मी एक तरी उघडून वाचलोय काय, नाही.

आणि बाहेरच्या देशात पाठवत असलासा तर कायदा बघा. जर्मनीत कंपनीला सुद्धा आधी संमती असल्याशिवाय जाहिरातीचा मेल चालत नाही, त्यांच्या यूडब्ल्यूजी (अनुचित स्पर्धेविरुद्धच्या) कायद्याचं कलम ७, आम्हाला तिथल्या एजंटनंच सांगितलं. अमेरिकेचा २००३ चा कायदा त्या मानानं सैल, तिथं आधी विचारायला लागत नाही, खरं खरा पत्ता द्यायला लागतो आणि नको म्हटल्यावर दहा कामाच्या दिवसात थांबायला लागतं. आपल्याकडं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झालाय, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, टप्प्याटप्प्यानं लागू व्हायलेत. तो एजंट एक लाख लोकांची संमती कुठनं आणणार हे त्यालाच विचारा एकदा, गंमत बघा काय उत्तर देतो.

@चिकोडी_क्लासवाला चिकोडीचे सर, तुमचं खरं आहे, तुम्ही ज्यांना पाठवता ते तुम्हाला ओळखतात. म्हणून चालतंय ते.

निपाणी_पायताण

भावाला वरचं सगळं वाचून दाखवलो, पन्नास दिवसाचा हिशोब ऐकून जरा गप्प झालाय. एजंटला 'बघू' म्हणून ठेवलंय.

आता माझ्याकडं काय आहे सांगतो. ऑर्डरच्या शीटमध्ये नाव, पत्ता, पिनकोड, जोडाचा प्रकार, नंबर म्हणजे साइज, तारीख, रक्कम. ज्यांनी काही घेतलं नाही त्यांचा नुसता ईमेल. मी असं ठरवायलोय की पिनकोड आणि आडनाव बघून भाषा लावायची, बेळगाव-कोल्हापूरच्या पाटील, देसाईंना मराठीत, हुबळी-धारवाडकडच्यांना कन्नडमध्ये (आमच्याकडं एक पोरगा आहे तो लिहून देतो), बाकीच्यांना इंग्रजीत. चालंल का?

शहापूरची_साडीवाली

दादा, आडनावावरून भाषा लावायच्या नादाला लागू नका. आमचं बेळगावच्या शहापुरात साड्यांचं दुकान, इरकल आणि इथल्या मागावरच्या, रोजचा अनुभव सांगते. काउंटरवर पाटील म्हणून बाई येतात, घरात कन्नड बोलतात, नवऱ्याशी मराठी, आणि मुलीशी फोनवर इंग्लिश. कुलकर्णी, जोशी, देसाई, सगळ्यांचं तेच, इकडचे पण आणि तिकडचे पण. हुबळीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं किती आहेत, आणि पुण्यात राहणारी आमची कन्नड गिऱ्हाइकं किती. अंदाजानं मेल पाठवला आणि चुकला तर समोरच्याला वाटतं ह्यांनी आपल्याला परकं धरलं, आपल्या भागात तर भाषेचं लगेच मनाला लागतं, ते तुम्हाला सांगायला नको. त्यापेक्षा विचारायचं. आम्ही बिल करताना विचारतो, मेल मराठीत पाठवू, कन्नडमध्ये का इंग्लिशमध्ये, रजिस्टरला म, क, इं असं एक अक्षर लिहितो, संपलं. तुम्ही वेबसाइटवर तीन बटणं द्या. जुन्यांना एकच मेल पाठवून तीन लिंक द्या, जे दाबणार नाहीत त्यांना आत्ता जसं पाठवता तसं पाठवत राहा.

पिनकोड मात्र उपयोगी पडतो, भाषेला नाही, सणाला. गोव्याच्या लोकांना चवथीच्या आधी पंधरा-वीस दिवस माल हातात पाहिजे असतो, नंतर पाठवून काही उपयोग नाही. हुबळी-धारवाडकडं पंचमीला मुली माहेरी येतात तेव्हा साड्या जातात. पाडवा आणि उगादी एकाच दिवशी, तिथं सगळ्यांना एक मेल चालतो, फक्त वरचा सणाचा फोटो बदलायचा.

आणि काउंटरवर ईमेल लिहून घेताना परत वाचून घ्या हो. घाईत जीमेलचं स्पेलिंग उलटसुलट लिहिलेलं असतं, आमच्या रजिस्टरला असे कितीतरी आहेत, ते सगळे परत येतात आणि मग वरचे दादा म्हणतात तशी पत जाते. गावातल्या लोकांसाठी तर आम्ही व्हॉट्सअ‍ॅपच वापरतो, ईमेल कोण बघतंय इथं. ईमेल बाहेरगावच्या आणि परदेशातल्या गिऱ्हाइकांना.

खानापूरकर_बेंगळुरू

ताईंनी बरोबर नस पकडली. टार्गेटिंग म्हणजे माणूस कसा असेल ह्याचा अंदाज नव्हे, त्यानं तुमच्याकडं काय केलं त्याची नोंद. ती तुमच्या शीटमध्ये आधीच आहे. चिकोडीच्या सरांचं दहा तुकड्यांबद्दलचं म्हणणं मला मान्य आहे, दोन हजारात दहा तुकडे वेडेपणा. दोन करा. घेतलेले आणि न घेतलेले. सुरुवातीला एवढंच.

न घेतलेले म्हणजे मिलानच्या बातमीनंतर आलेले, त्यांना चपलांमध्ये रस कमी आणि गोष्टीत जास्त होता. त्यांना डिस्काउंट पाठवून काही होणार नाही. त्यातले अर्धे मनात विचारत असणार, कोल्हापुरी म्हणता आणि पत्ता निपाणीचा, कर्नाटकातला, हे काय? तर तेच सांगा. जीआय (भौगोलिक मानांकन) आठ जिल्ह्यांना मिळून आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर. अथणीच्या कारागिराचा हात दाखवा, बाभळीची साल आणि हिरडा लावून कातडं कमावतात ते दाखवा. असे एक-दोन मेल, त्यालाही कुणी क्लिक केलं नाही तर त्या माणसाला 'अजून पाठवू का' विचारून लिस्टीतनं काढून टाका. लिस्ट लहान झाली म्हणून जीव जळतो, पण न उघडणारे लोक धरून ठेवले की बाकीच्यांचे मेल पण स्पॅममध्ये जायला लागतात.

घेतलेल्यांचं बघा. तुमच्याकडं साइज आहे, ही केवढी मोठी गोष्ट आहे. समजा कापशी प्रकारच्या पायताणाचे ११ नंबरचे पंधरा-वीस जोड पडून आहेत, ११ नंबरचा पाय असणारी माणसं थोडी, आणि त्यांना कुठल्या दुकानात पटकन मिळत नाही. शीटला फिल्टर लावा, ११ घेतलेले साठ-सत्तर निघतील, तेवढ्यांनाच दोन ओळींचा मेल, 'तुमच्या मापाचे एवढे जोड आहेत'. त्यात डिझाइन नको, बॅनर नको. ७ नंबरवाल्याला हा मेल पाठवून काय करणार? तसंच मे महिन्याच्या शेवटी, घेतलेल्या सगळ्यांना, पावसाळ्यात घालू नका, तेल लावून कागदात गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको बुरशी येते. त्यात विकायचं काहीच नाही, पण गणपतीच्या आधीचा मेल मग उघडला जातो.

आणि काही मेल सगळ्यांनाच गेले पाहिजेत. २२ सप्टेंबर २०२५ ला अडीच हजारापर्यंतच्या जोडावरचा जीएसटी ५ टक्के झाला, आधी हजाराच्या वरच्याला १८ होता, असल्या वेळी निवडत बसायचं नाही, त्याच दिवशी अख्ख्या लिस्टला नवा भाव.

सरांच्या १९७८ च्या गोष्टीत मात्र एक राहिलं. थर्कनं तो मेल सगळ्यांना पाठवला नव्हता, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या लोकांनाच पाठवला, कारण मशीनचा डेमो लॉस एंजेलिस आणि सान मातेओला होता. म्हणजे निवडून पाठवलेलाच होता की तो. शिव्या पडल्या त्या न विचारता पाठवला म्हणून.

चिकोडी_क्लासवाला

हे माहीत नव्हतं, बरं झालं सांगितलासा. खरं माझा मुद्दा तिथंच आहे, विचारून घेतलेल्या लोकांना मास पाठवला तर काय बिघडत नाही. आणि त्या ११ नंबरच्या मेलला मी टार्गेटेड म्हणत नाही, ते आपलं दुकानदारी आहे, गिऱ्हाईक आलं की मापाचा जोड काढून दाखवतो तेवढंच.

मेल किती जणांनी उघडला हे बघायचं का नाही? माझ्याकडं ओपन रेट एकदम चांगला दिसतोय.

खानापूरकर_बेंगळुरू

ओपन रेटवर विसंबू नका सर. मेल उघडला का नाही हे त्यातला एक बारीक फोटो लोड झाला का त्यावरनं मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये आयफोनचं आयओएस १५ आलं तेव्हापासून अ‍ॅपलच्या मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीचा पर्याय चालू असला की ते अ‍ॅप फोटो आधीच ओढून ठेवतं, माणसानं मेल बघितला नाही तरी 'उघडला' म्हणून मोजलं जातं. अमेरिकेच्या गिऱ्हाइकांत आयफोन जास्त, तिथं तर तो आकडा फुगणारच. क्लिक बघा, उलट आलेलं उत्तर बघा, ऑर्डर बघा. जीमेलचं पोस्टमास्टर टूल्स फुकट आहे, स्पॅमचं प्रमाण दाखवतं, पण रोजचे मेल थोडे असले की ते रिकामंच दिसतं, दोन हजारात बहुतेक काही दिसणार नाही, त्यामुळं घाबरू नका.

निपाणी_पायताण

लई उपकार झाले. साइजचा फिल्टर आत्ताच लावून बघितलो, ११ आणि १२ मिळून ऐंशीच्या वर निघाले, आणि त्यातले काही तर दोन-तीनदा घेतलेले. भाऊ आता म्हणतोय त्यांना मेल कशाला, मी फोनच लावतो एकेकाला.

शेवटचं एक. एकानं मागं अनसबस्क्राइब केलंय, आणि परवा त्याचीच ऑर्डर आली. त्याला आता मेल पाठवायचा का नाही? म्हणजे ऑर्डरचा.

खानापूरकर_बेंगळुरू

ऑर्डरचा पाठवायचाच, पावती, ट्रॅकिंग सगळं. त्यानं जाहिरात नको म्हटलंय, पावती नको म्हटलेलं नाही. फक्त त्या पावतीत खाली 'हे पण बघा' म्हणून चार जोडांचे फोटो आणि कूपन चिकटवू नका, बरेच जण तिथं चोरून जाहिरात घालतात. जमलं तर जाहिरातीचे मेल वेगळ्या सबडोमेनवरनं (त्याच डोमेनच्या पोटनावावरनं) पाठवा आणि पावत्या मुख्य डोमेनवरनं, म्हणजे एकाचं काही झालं तर दुसरं अडकत नाही. आणि उत्तर द्यायचा पत्ता 'नो-रिप्लाय' ठेवू नका, भाऊ फोन लावणारच आहेत तर उत्तरं पण त्यांच्याच इनबॉक्समध्ये पडू देत.

शहापूरची_साडीवाली

भाऊंना फोन लावायच्या आधी अमेरिकेतली वेळ बघायला सांगा हो.